घर कोणाचं, ते आधी ठरवा

प्रिय मावशी,

मी मूळचा मालवण तालुक्यातला, नोकरीमुळे डोंबिवलीला असतो. येत्या मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. आम्ही तिघा भावंडांनी गावच्या घरीच मोठा कार्यक्रम ठरवलाय. खळ्यात मांडव, अडीचशे माणसं, भटजींकडून पुन्हा मंगलाष्टकं, दोघांनी एकमेकांना हार घालायचे, रात्री वडे-सागोती. बाबा एकदम खूश आहेत. आई मात्र अडून बसली आहे. आधी "बगूया" म्हणाली. मग पत्रिका छापून आली. ती तिने वाचली आणि म्हणाली, "घर तेंचा, कार्यक्रम तेंचो. माका कित्याक उभी करतस?" तेव्हापासून विषयच काढू देत नाही. बाबांना इतकं लागलं की त्या रात्री जेवले नाहीत.

बाबा लग्नाच्या आधीपासून मुंबईला गिरणीत होते, संपानंतर एका गोदामावर वॉचमन. 2002 ला कायमचे गावी आले. गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, आई इथेच असायची. 1988 ला मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधलं तेव्हाही बाबांना रजा मिळाली नाही, आईनेच करून घेतलं. दोघांचं कधी भांडण असं नाही. आई पहिल्यापासून जरा अबोल आणि हट्टी. भावकी सगळी येणार, आणि हारांच्या वेळी ही उठून चुलीकडे गेली तर काय शोभा राहील? तिला कसं समजवू? पत्रिकेचा फोटो सोबत पाठवतोय.

— एक मुलगा

अरे बाबा,

तुझ्या आईला सगळं समजलेलं आहे. तू दुसऱ्या कोणाला समजवायचं ते बघ.

पत्र मी दोनदा वाचलं. मांडव, मंगलाष्टकं, भावकी यांवर तू भरभरून लिहिलंयस. आणि मध्येच, जाता जाता, तीन शब्द टाकून दिलेस: "आईनेच करून घेतलं." काय करून घेतलं? घर! रेशनकार्डावरचा पत्ता बदलून आणल्यासारखं लिहिलंयस हे.

1988 ला तू असशील आठ-दहा वर्षांचा. आठवतंय का काही? जुनं घर पाडलं तेव्हा तुम्ही राहिलात कुठे, मांगरात की कोणाच्या पडवीत? चिरे खाणीवरून आले ते ट्रकने, पण आपल्याकडच्या पाणंदीतून ट्रक घरापर्यंत येतो कधी? रस्त्यावर उतरवायचे आणि तिथून डोक्यावरून वाहायचे. एकेक चिरा उचलताना भल्या गड्याची कंबर वाकते. गवंडी सकाळी येणार, त्याला चहा, दुपारची पेज, संध्याकाळी हिशोब. वासे कोणाकडून घ्यायचे, फणसाचं लाकूड पुरेसं सुकलंय की नाही, सुतार शब्दाला जागेल की मधेच दुसरं काम धरेल. आणि हे सगळं मिरगाच्या आत. कौलं चढायच्या आधी पाऊस लागला तर नव्या भिंती पाण्यात. कोकणात घर बांधलेल्या कोणालाही विचार, आगोटीच्या त्या शेवटच्या पंधरा दिवसांत माणूस झोपत नाही.

हे एका तिशीतल्या बाईने केलं, तीन पोरं पदरात, नवरा शेकडो किलोमीटर लांब. रेल्वे आपल्याकडे पूर्ण धावायला लागली 26 जानेवारी 1998 ला. त्याआधी 'जरा येऊन बघून जा' म्हणायचं तर एसटीची अख्खी रात्र आणि मालकाची रजा. फोन गावात किती घरांत होता, ते तुला माहीत आहे.

आता तू पाठवलेली पत्रिका. "आमचे येथे श्रीकृपेकरून..." इथपर्यंत ठीक. खाली बघ काय छापलंयस: "स्थळ: श्री. अमुक तमुक यांचे निवासस्थान." अडीचशे माणसांपुढे जाणार हे. आणि तू मला सांगतोस, आई हट्टी आहे.

तिने तुला उत्तर दिलंय रे, अगदी स्वच्छ मालवणीत. घर तेंचा, कार्यक्रम तेंचो. तू ते रुसवा म्हणून ऐकलंस. मी ते हिशोब म्हणून वाचते.

हिशोबच करायचा तर पूर्ण करू. लग्न 1976 चं, बाबा कायमचे आले 2002 ला. म्हणजे 26 वर्षं ते तिकडे, ही इकडे. गणपती आणि मे धरून वर्षाला दीड महिना म्हण, तर 26 वर्षांचे झाले 39 महिने, सव्वातीन वर्षं. तुम्ही ज्याला 50 वर्षांचा संसार म्हणून हार घालताय त्यातली निम्मी वर्षं त्या दोघांमध्ये पोस्टमन होता. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन-चार ओळी लिहायला जागा असायची. "सर्व खुशाल. पैसे मिळाल्याचे कळवणे. पोरांना सांभाळ." नवरा-बायकोचं बोलणं ते एवढं, आणि ते बहुतेक घरांत पोस्टमनच वाचून दाखवायचा.

तुझ्या एकट्याच्या घराची ही गोष्ट नाही, अर्ध्या कोकणाची आहे. गिरणगाव उभं राहिलं ते आपल्या माणसांवर, आणि ती माणसं तिकडे एकेका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपू शकली कारण इकडे शेती, गुरं, सासू-सासरे आणि देवाचं बघायला कोणीतरी होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि लिहायलाच हवं होतं. पण त्या महिन्यात इकडच्या घरांत मनीऑर्डर आली नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुझ्या आईने ते दिवस कसे काढले, तू लिहिलेलं नाहीस. तुला माहीत तरी आहे का? आमच्या वेंगुर्ल्याकडच्या किती बायका त्या काळात काजूच्या कारखान्यात बसल्या. काजूच्या टरफलाचा चीक लागला की कातडी जळते, बोटं काळी पडतात, महिनोन् महिने तशीच राहतात. हाताला राख फासून त्या बी फोडायच्या. त्याच हातांनी घरी येऊन भाकरी थापायच्या. तुझी आई काजूला बसली की लोकांच्या तरव्याला गेली की सोलं सुकवून विकली, विचार एकदा. आणि विचारशील तेव्हा मोबाइल तिच्या तोंडासमोर धरू नकोस, स्लाइड शोसाठी.

बाबांनाही वाईट वाटलं, हे तू दोन ओळींत सांगितलंस, मला वितळवायला. नाही वितळले. एक रात्र जेवले नाहीत, ठीक आहे. मुंबईत त्यांनी कष्ट काढले, संपाने त्यांच्या उमेदीची वर्षं खाल्ली, हे सगळं खरं. पण त्यांच्या कष्टांना गावात मान आहे. "गिरणीत होते" म्हटलं की लोक माना डोलावतात. आईच्या कष्टांना काय नाव आहे? "गावीच असायची."

एक गंमत सांगू? आपल्या शास्त्रात लग्नाच्या 50 वर्षांना काही विधीच नाही. साठीशांत आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि ते पुरुषाच्या वयावर. बायको पाटावर बसते ती त्याच्या शेजारी, त्याच्या हाताला हात लावून. म्हणजे तुमचा हा कार्यक्रम नवाच आहे, तुम्हाला हवा तसा करता आला असता. तुम्ही पुन्हा तोच पाट मांडलात.

आता मुद्द्याचं. घरपट्टीची पावती कोणाच्या नावाने येते? बाबांच्या, त्याआधी आजोबांच्या. आणि ती 26 वर्षं भरली कोणी? ग्रामपंचायतीचा शिपाई दारात यायचा, ही पदराच्या गाठीतून पैसे काढून द्यायची आणि नवऱ्याच्या नावाची पावती कोनाड्यात ठेवायची.

तर असं कर. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा बाबांना घेऊन ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवकाला (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आपण ग्रामसेवकच म्हणणार) अर्ज द्या: नमुना 8 वर घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने करा. 'घर दोघांचे' हा शासनाचा निर्णय वीस वर्षांहून जुना आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. अर्जावर सही बाबांची पाहिजे. तुझी नको, तुझ्या भावाची नको. जमीन वाटप होऊन बाबांच्या वाट्याला आलेली असेल तर सातबाऱ्याचंही बघा. लक्ष्मीमुक्ती म्हणून योजना 1992 पासून आहे, नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. सातबाऱ्यावर अजून चुलते-आजे मिळून पंचवीस नावं असतील, आणि आपल्याकडे असतातच, तर आधी घराचं करा, जमिनीला वेळ लागेल. आणि एक लक्षात ठेव: नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. ते कागद वकिलाला दाखवून पक्के करायचे असतील तर तेही करा. पण सुरुवात ग्रामपंचायतीतून, कारण गावात घर कोणाचं हे त्याच वहीत बघतात.

तू म्हणशील, मावशी, काय फरक पडतो, शेवटी सगळं तिचंच आहे ना. हे वाक्य मी फार ऐकलंय. बाबांच्या मागे तिचं नाव लागेलच, कायद्याने लागतं. तेरावं झाल्यावर तलाठी वारस तपास करील, तुम्हा तिघा भावंडांच्या सोबत तिचंही नाव चढेल, वारस म्हणून. जे घर तिने स्वतः उभं केलं त्याची ती वारस! ते नाव तिला नवरा जिवंत असताना, त्याच्या सहीने मिळायला हवं. दोघं खळ्यात खुर्च्या टाकून बसताहेत तोवर.

आणि तुझ्या डोंबिवलीच्या घराचं तू काही लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते, करारावर तुझ्या बायकोचं नाव आहे. कर्जाला दोन पगार दाखवावे लागतात. बँकेला जे कळलं ते तुमच्या घरात पन्नास वर्षांत कोणाला सुचलं नाही.

यातून कृपा करून तमाशा करू नका. उताऱ्याची फ्रेम करून मांडवात सगळ्यांसमोर आईच्या हातात द्यायची, वर टाळ्या, वर ड्रोन, हे तुझ्या डोक्यात आलंच असेल एव्हाना. काढून टाक. बाबांनी तिला घरात, दोघंच असताना सांगायचं की मी अर्ज केलाय. कसं सांगायचं ते त्यांचं ते बघतील. जमणार नाही त्यांना धड, अडखळतील. अडखळू देत.

बाबा अर्जाला नाही म्हणाले तर? मग मांडववाल्याला आगाऊ दिलेले पैसे बुडाले असं समज आणि कार्यक्रम रद्द कर. भावकीला सांग, आईची तब्येत बरी नाही. खोटं होणार नाही ते.

हो म्हणाले, तर पत्रिका नव्याने छाप. "आमच्या घरी" एवढंच पुरे, खाली दोघांची नावं, आईचं आधी घातलंस तरी कोणी हरकत घेणार नाही. छापलेल्या पत्रिका वाया जातील, जाऊ देत. वडे-सागोतीचा बेत ठेव, पण आचारी आत्ताच सांगून ठेव, मे महिन्यात लग्नसराईत चांगला माणूस मिळत नाही. आणि त्या दिवशी चुलीपाशी आईला जाऊ देऊ नका. तुझी बहीण, वहिनी, तू, तुझा भाऊ, वाढायला उभे राहा.

एवढं करूनही ती हार घालायला उभी राहील का, ते मी सांगू शकत नाही. नाही राहिली तर ओढू नका.

ग्रामसेवक मंगळवार-शुक्रवार बसतो की रोज, फोन करून जा. अर्जावर आईचं नाव आधारवर आहे तसंच घाल, एक काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर फेऱ्या वाढतात. झालं की कळव.

— मावशी