नववीसाठी गणिताचे कोर्स निवडताना

गणिताचे कोर्स कसे निवडायचे, हे अमेरिकेतलं हायस्कूल (नववी ते बारावी) सुरू व्हायच्या आधीच तू विचारतोयस, हे फार चांगलं केलंस. आत्ता एवढंच बघ.

कोर्स शेवटाकडून मागे मांड. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर त्याआधी प्रीकॅल्क्युलस, त्याआधी अल्जिब्रा २, जॉमेट्री आणि अल्जिब्रा १. वर्षं ४ आणि कोर्स ५! म्हणजे आठवीत अल्जिब्रा १ झालेलं नसेल तर कुठल्यातरी वर्षी दोन कोर्स एकत्र घ्यावे लागतील, नाहीतर एक उन्हाळ्यात. जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ सोबत घेता येतं का, हे शाळेच्या काउन्सेलरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला) नववीतच विचार. अकरावीत विचारून उशीर झालेला असतो.

हमखास होणाऱ्या चुका:

- पूर्वअट (पुढच्या कोर्सआधी पूर्ण करावा लागणारा कोर्स) म्हणजे नुसतं पास होणं, असं धरून चालणं. काही शाळा ठरावीक ग्रेड मागतात. ग्रेड मिळाली तरी पाया तपासच. (अ + ब)² चा विस्तार करताना मधलं २अब लिहायचं राहून जातं का? अपूर्णांकांचे छेद समान करताना अडखळतोस का? कॅल्क्युलसमध्ये मुलं अडकतात ती बहुतेकदा या बीजगणितातच.
- मित्र ऑनर्सला (त्याच कोर्सच्या जास्त अवघड वर्गाला) गेला म्हणून आपणही जाणं.
- शेवटच्या वर्षी गणित सोडणं. तो खंड कॉलेजच्या प्लेसमेंट टेस्टला (कुठल्या पातळीच्या कोर्सला बसायचं हे ठरवणाऱ्या परीक्षेला) नडतो.

इंजिनिअरिंगकडे जायचं नसेल तर स्टॅटिस्टिक्सही भक्कम पर्याय आहे, त्याला कमी लेखू नकोस.

एपीचा (हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या कोर्सचा) विचार आत्ता नको. आधी शाळेचा कोर्स कॅटलॉग काढ आणि प्रत्येक कोर्सपुढे त्याची पूर्वअट लिहून काढ.