आईसाठी फ्लिप फोन: जुना घ्यावा का?

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. स्मार्टफोनवर तिच्याकडून भलतेच बटण दाबले जाते. ओळखीतून जुना नोकिया २६६० फ्लिप मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : आईंना फक्त बोलायचे असेल तर जरूर घ्या. नातवंडांचे व्हिडिओ कॉल हवे असतील तर मात्र नको. यात व्हॉट्सॲप नाही, वायफायही नाही. २०२२ साली आलेला हा फोन ४जी व्होल्टीवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच बोलण्याच्या सोयीवर चालतो, म्हणून जिओचे सिमही चालते. जिओकडे २जी नाही, म्हणून २जीवरचे जुने फ्लिप फोन तिथे निरुपयोगी ठरतात. आतला पडदा २.८ इंची, बटणे मोठी, आणि मदतीसाठी वेगळे बटण आहे. त्यात घरच्यांचे नंबर आधी भरून एकदा दाबून बघा.

जुना घेताना सगळे लक्ष बिजागरीकडे द्या. पडद्याकडे आणि कानाच्या स्पीकरकडे जाणारी चपटी, पातळ पट्टी तिथूनच वळते आणि रोजच्या उघडझापीने तिथेच तडकते. कॉल चालू ठेवून झाकण पूर्ण न मिटता दहा-बारा वेळा सावकाश खाली-वर करा. एखाद्या कोनात आवाज तुटला किंवा पडद्यावर रेघा आल्या, तर तो फोन सोडा. पट्टी बदलायची मजुरी परवडत नाही. मग मागचे झाकण काढून १४५० एमएएचची बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली, तर ती फुगली आहे. पण बॅटरी सहज बदलता येते, तेवढ्यासाठी अडू नका.