पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला की कोणता खर्च कुणाचा?

तुम्ही विचारलंय की भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० ठरलंय, सोसायटीने ३,५०० च्या बिलावर ३५० रुपये ‘नॉन-ऑक्युपन्सी’ (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणूनचा आकार) लावलेत. ते बरोबर आहेत का, आणि बाकीचे खर्च कुणी करायचे?

३५० चुकीचे आहेत. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार हा आकार फक्त सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतो, अख्ख्या बिलाच्या नाही. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क; सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी, पाणीपट्टी, पार्किंग त्यात येत नाहीत. तुमच्या बिलात सेवाशुल्क १,९०० असेल तर आकार १९० होतो. सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. मात्र वादापायी बाकीचं बिल अडवू नका, थकबाकीवर व्याज चढतं.

मेंटेनन्स भाडेकरूवर सोपवू नये असं माझं ठाम मत आहे. सोसायटी सभासदाला, म्हणजे तुम्हाला ओळखते, त्यामुळे भाडेकरूने बुडवलं तरी वसुली तुमच्याकडूनच होणार. ती रक्कम भाड्यात धरा आणि स्वतः भरा. वीज आणि पाइपचा गॅस मात्र भाडेकरूचाच. चावी देताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून करारात तो आकडा लिहा. शेवटचं बिल भाडेकरू घर सोडून गेल्यावर येतं, म्हणून चावी परत घेताना पुन्हा रीडिंग घ्या आणि तेवढे पैसे डिपॉझिटमधून राखा. भिंतीतली गळती आणि जुना झालेला गीझर तुमच्या खर्चात. बल्ब, नळाचे वायसर, तुंबलेलं सिंक त्याच्या. सगळ्यात जास्त भांडणं रंगावरून होतात, त्यामुळे रंगासाठी काय कापणार ती रक्कम आधीच करारात घाला.

करार ११ महिन्यांचा केला म्हणून नोंदणी टळत नाही. भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर. तुमच्या आकड्यांत ११ महिन्यांची बेरीज २,२५,५०० होते, म्हणजे शुल्क सुमारे ५६४ रुपये, वर शहरात नोंदणी फी १,०००. भाडेकरू टिकाऊ वाटत असेल तर एकदम ३६ महिन्यांचा करार करा: फी आणि एजंटचे पैसे एकदाच जातात. दरवर्षीची वाढ आणि नोटिशीची मुदत तेवढी त्यातच लिहून घ्या.

मिळकतकरात पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते, त्यामुळे भाडं ठरवतानाच वाढीव बिल धरा. आयकरात भाड्यातून हा मिळकतकर वजा होतो, पण तो तुम्ही त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा, म्हणून ३१ मार्चपूर्वी भरून पावती जपा. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. रंगाची, प्लंबरची बिलं त्याउपर वेगळी दाखवता येत नाहीत.