रंगाखालचा गंज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुन्या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे आले होते. गॅरेजमध्ये घासून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारून घेतला. वर्ष व्हायच्या आत त्याच जागी पुन्हा फुगे. काम वाईट झालं, की गंज असा परततोच?

काम अर्धवट झालं. त्या जागी गंज बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. कमानीच्या कडेला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकमेकांवर दुमडून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. चाकाने उडवलेला चिखल या दुमडीत बसून ओल धरून ठेवतो, आणि तिथल्या फटीत कारखान्यातही रंग नीट पोचलेला नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आणि शेवटी रंग उचलतो. फुगा दिसतो तेव्हा पत्रा बहुतेक आरपार गेलेला असतो.

लांबी पाणी शोषते. मागून ओल लागली की ती पत्र्यापासून सुटते आणि आतला गंज तिच्याआड निवांत वाढतो. म्हणून भोकावर लांबी भरणं ही दुरुस्ती नव्हेच, मग वर फायबरची जाळी लावली तरीही.

आधी फुग्याभोवतीचा रंग चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढा. गंजाचे काळे ठिपके जिथे संपतात, तिथून आणखी दोन-तीन सेंटिमीटर निरोगी पत्रा धरून कापायची रेघ आखा. बाहेरचा तुकडा निघाला की आतला पत्रा उघडा पडतो. तो खाल्लेला असेल तर आधी त्याची दुरुस्ती, मगच बाहेरचा. खरं नुकसान बहुधा इथेच सापडतं. घाईच्या कामात हाच पत्रा तसाच सोडला जातो.

नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा हवा. बाहेरचे पत्रे साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटरचे असतात. जाड पत्रा जास्त मजबूत होईल असं वाटतं, पण त्याला पुरेल इतका करंट दिला की शेजारचा पातळ पत्रा जळून भोक पडतं. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. पत्रे एकमेकांवर येणार असतील तर दोन्हींच्या आतल्या बाजूला वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर लावा, कारण नंतर त्या फटीत काहीच पोचत नाही.

वेल्डिंग मिग मशीनने (यात तार आपोआप पुढे सरकते आणि विजेने वितळते), 0.6 मिलिमीटरच्या तारेने. गॅस वेल्डिंग टाळा. त्याची उष्णता दूरवर पसरते, पत्रा वाकतो आणि मागचं संरक्षक लेपण जळून नव्या गंजाला वाट मिळते. दोन-तीन सेंटिमीटरवर एक असे वेल्डिंगचे छोटे टाके घाला, एका टोकाचा झाला की दुसऱ्या टोकाला जा. हात ठेवता येईल इतका पत्रा निवल्यावर मधल्या जागा भरा. सलग रेघ ओढली की पत्र्याला लाटा येतात आणि त्या झाकायला पुन्हा लांबीचा थर वाढतो. ग्राइंडरने टाका समतल करताना बाजूचा पत्रा पातळ होऊ देऊ नका.

सुरुवात करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. आतलं कार्पेट, फोम आणि वायरिंग बाजूला घ्या. मागच्या कमानीजवळ इंधन भरायची नळी असते. ती काढून, तोंडं बंद करून दूर ठेवा. अग्निशामक हाताशी हवा. काम थांबवल्यावर निदान अर्धा तास गाडीपासून हलू नका, फोम आत धुमसत राहतो. झिंकचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर विषारी असतो. मुलामा आधी घासून काढा, मास्क वापरा, जागा मोकळ्या हवेची निवडा.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. नेहमीचा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, त्याच्यावर रंग नसेल तर ओल आत जाते. सांध्यांवर सीलंट प्रायमरनंतरच. लांबी लागलीच तर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. रंग पूर्ण सुकल्यावर, सगळ्यात शेवटी, लांब नळीने कमानीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे ओल अडवणारं मेण, फवारा. हा क्रम उलटा करू नका: वॅक्स वेल्डिंगच्या उष्णतेने पेट घेतं आणि त्याच्यावर रंग बसत नाही.

प्रश्न: जुनी गाडी घेताना लपलेला गंज शोधायचा कसा? वरून तर सगळं चकाचक असतं.

हातात टॉर्च, पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक आणि स्क्रूड्रायव्हर. शक्य असेल तर फोनला जोडायचा बारीक तपासणी कॅमेरा. चुंबक कमानीवर, दारांच्या खालच्या कडेवर आणि सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीवर फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे खाली जाड लांबी आहे. अॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या भागावर ते चिकटणारच नाही, तेव्हा भाग कशाचा आहे ते आधी विचारा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल खालून ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो, कुजलेला बद वाजतो. जॅक लावायच्या जागा नीट पाहा. तिथला पत्रा दाबला गेलेला असेल तर आत गंज असण्याची शक्यता मोठी.

दारांच्या आणि सिलच्या खाली पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत तुंबतं. गंजाचं हे सगळ्यात साधं कारण आहे आणि ते सुईएवढ्या तारेने दूर होतं. विंडस्क्रीनखालच्या जाळीतही पानं साचून पाण्याची वाट अडते, मग पाणी पायाशी उतरतं. कार्पेटची कड उचलून खालचा फोम दाबा. वरून कोरडं वाटणारं कार्पेट आतून महिनोन्महिने ओलं राहू शकतं. डिकीत स्टेपनी उचलून खोलगट भागाचा तळ पाहा. तिथे पाणी असेल तर मागच्या दिव्यांचं किंवा डिकीच्या दाराचं रबर गळतंय.

खालून नुकतंच जाड काळं लेपण मारलेलं दिसलं तर सावध व्हा. त्याने गंज झाकलाही जातो, आणि गंजावर मारलं असेल तर आतली ओल अडकून तो झपाट्याने वाढतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहू देण्यास मालक तयार नसेल तर ती गाडी सोडून द्या.

प्रश्न: बाजारात मिळणाऱ्या गंजनिवारक द्रावणाने काम भागतं का?

वरच्या गंजावर भागतं. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं स्थिर संयुग करतं. आधी तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढावेच लागतात, नाहीतर द्रावण फक्त वरच्या थरावर काम करतं. पत्रा पातळ झाला असेल तर तो त्याने पुन्हा जाड होत नाही. बाटलीवर लिहिलं असेल त्याप्रमाणे धुऊन किंवा सुकवून लगेच प्रायमर मारा.

प्रश्न: दोन्ही बाजूंचे सिल खालून झिजले आहेत. बाहेरून नवा पत्रा चढवून चालेल का?

नाही. चेसिस वेगळी नसलेल्या गाडीत सिल हा वजन पेलणारा भाग आहे. धडकेतही तो प्रवाशांचं रक्षण करतो. जुन्यावर नवा पत्रा ठोकला की आतला कुजका भाग तसाच राहतो आणि मध्ये पाणी साठवणारी नवी पोकळी तयार होते. आतला पत्रा, मधली मजबुतीची पट्टी, मग बाहेरचा, असं आतून बाहेर काम करावं लागतं.

एका वेळी एकच बाजू कापा. गाडी सपाट जमिनीवर, वजन नेहमीसारखं चाकांवर असू द्या, आणि दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार तात्पुरता वेल्ड करा. नाहीतर बॉडी मध्ये झुकते आणि नवा सिल त्या झुकलेल्या आकारातच पक्का होतो. कापण्याआधी दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा. शेवटचा टाका घालण्याआधी दार बसवून त्या पुन्हा मोजा. सीटबेल्ट अडकवायच्या जागेपर्यंत किंवा सस्पेन्शनच्या माउंटिंगपर्यंत गंज पोचला असेल, तर हे काम बॉडीचं जिग, म्हणजे बॉडी मापात धरून ठेवणारा सांगाडा, असलेल्या कारागिराकडेच द्या.