लाईट गेल्यावर घरचा कॉम्प्युटर सोलरवर चालतो का?

चालतो भाऊ, माझा तीन वर्षांपासून चालतोय. पण तुम्ही विचारलंय की चोपडा तालुक्यात गाव आहे, घरून अकाउंटचं काम करतो, लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाते, तर अनुदानातलं सोलर छतावर बसवलं की कॉम्प्युटर बंद पडणार नाही ना? तर पडेल. आधी तेवढंच क्लिअर करतो कारण यात आमच्याकडे भरपूर जण फसलेत.

अनुदानातलं म्हणजे केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतलं, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ किंवा वर कितीही असलं तरी ७८ हजार, ते जवळपास सगळीकडे ऑन-ग्रिड, म्हणजे सरळ सरकारी लाईनीला जोडलेलं बसवतात. त्यात बॅटरी नसते. लाईट गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि हा बिघाड नाही, मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, कारण लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असला आणि तुमच्या छतावरून लाईनीत करंट गेला तर तो जीवानिशी जाईल. आमच्या मामांकडे ३ किलोवॅटचं आहे. मे महिन्यात दुपारी एक वाजता वर सहा पॅनल तापून राहिलेत आणि खाली मामा ओट्यावर बसून टॉवेलने वारा घेताहेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बिल मात्र त्यांचं खरंच नावाला येतं, म्हणून ते खुश आहेत. बिल कमी करणं वेगळं काम आणि बॅकअप वेगळं. बॅकअप बॅटरीच देते, पॅनल फक्त ती भरायला.

आता माझं सांगतो. मी यावल तालुक्यात राहतो, घरी डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, बॅनर, दुकानांची बिलबुकं. आमचा सीझन एप्रिल-मे आणि वादळाने तारा तुटायचा, डीपी जळायचा सीझन पण तोच. आधी लोड मोजा, म्हणजे सगळं मिळून किती वॅट खातं ते. एसएमपीएसवर (सीपीयूच्या डब्यातला पॉवर सप्लाय) ४५० वॅट लिहिलेलं बघून लोक मोठमोठे इन्व्हर्टर घेऊन येतात, ते चुकीचं आहे, तो आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, खातो किती हे नाही. प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, त्यावर माझा आय-५ (ग्राफिक्स कार्ड नाही) ७०-७५ वॅट, मॉनिटर २२, राउटर १०. झाले सगळे मिळून ११० च्या आत. आणि गंमत म्हणजे जुना सिलिंग फॅन एकटा ७५ वॅट! आपल्याकडे ४५ डिग्रीत पंख्याशिवाय कॉम्प्युटर चालू ठेवून करणार काय, माणूसच हँग होतो. म्हणून मी पहिला खर्च बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यावर केला, तो फुल स्पीडला २८-३० वॅट घेतो. सगळं धरून १४० वर बसलं.

बॅटरी १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात ती पाणी टाकायची. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, पण ती पूर्ण पिळायची नसते, ६० टक्के वापरा, त्यातून इन्व्हर्टरचा लॉस काढा, ८५०-९०० हातात राहतात. माझ्या लोडवर सहा तास. दिवसा ऊन असलं तर पॅनलचं चालूच असतं त्यामुळे बॅटरी उतरत पण नाही. लेझर प्रिंटर मात्र त्यावर चुकूनही लावू नका, गरम होताना हजार वॅटच्या आसपास खेचतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन सगळंच बंद.

इन्व्हर्टर साइन वेव्हच घ्या, स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्युटरचे बरेच एसएमपीएस नीट चालत नाहीत आणि पंखा भुणभुण करतो तो वेगळाच. मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो, कॉम्प्युटरसाठी तो यूपीएसवर पाहिजे, नाहीतर लाईट गेल्याक्षणी रिस्टार्ट होतो. पण इथे एक लोचा आहे जो मला सहा महिने समजला नाही. यूपीएस मोडला व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो लाईट असूनसुद्धा बॅटरीवर जातो आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर यायचं! मी समजतोय लाईटवर चाललंय आणि बॅटरी गुपचूप खाली होतेय, मग रात्री खरंच लाईट गेली की दहा मिनिटांत टूं टूं. शेवटी इन्व्हर्टर नॉर्मलवर टाकला आणि सीपीयूला तेवढा वेगळा ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावला, तो मधला झटका सांभाळतो. तेव्हापासून बिनघोर.

पॅनलमध्ये तर मी सरळ पैसे घालवले. ज्याने बसवून दिलं त्याने ३३५ वॅटचं ७२ सेलचं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर जोडलं (कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा डबा). ते पॅनल ३८ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर देतं, पीडब्ल्यूएम ते व्होल्टेज ओढून बॅटरीच्या १३ वर आणतो, अँपिअर तेवढेच. म्हणजे ३३५ चं पॅनल आणि मिळताहेत ११५! दोन महिने मी पॅनल धुवत बसलो की धूळ असेल. मग एमपीपीटी कंट्रोलर टाकला, जो जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता त्याचे अँपिअर करतो, तर दुपारी अडीचशेपर्यंत जायला लागलं. त्यामुळे दुकानदाराला पॅनल किती व्होल्टचं आणि कंट्रोलर कोणता हे दोन्ही विचारा, नुसते वॅट विचारू नका.

आणि जळगावचं ऊन म्हणजे जास्त करंट असं काही नसतं बरं का. मे मध्ये पॅनल ६५-७० डिग्रीला तापतं आणि २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.४ टक्के कमी होतं, म्हणजे १६-१८ टक्के तिथेच गेले. माझ्याकडे फेब्रुवारी-मार्चला सगळ्यात चांगलं मिळतं. गरमीने बॅटरी पण लवकर मरते, पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी पाणी बघा, डिस्टिल्डच टाका, बोअरचं नाही. लिथियमला पाण्याची भानगड नाही आणि जास्त वर्षं टिकते पण आत्ता महाग आहे, बजेट असेल तर जरूर घ्या.

तुमच्याकडे इन्व्हर्टर-बॅटरी आधीच असेल तर बदलू नका, पॅनल आणि कंट्रोलर वरून जोडता येतं. फक्त कंट्रोलर असा घ्या जो ऊन असताना लाईटचं चार्जिंग तोडतो (सोलर मॅनेजमेंट युनिट म्हणून मागा), नाहीतर बॅटरी लाईटनेच फुल होते आणि पॅनल वर नुसतं शोभेला. माझं पॅनल, एमपीपीटी, स्टँड, वायर मिळून १९ हजारात झालं, तो फुकट गेलेला पीडब्ल्यूएम सोडून.

तोंड दक्षिणेला, २० डिग्रीच्या आसपास तिरपं. घर धाब्याचं असेल तर मातीत स्टँड नुसता ठेवू नका, खाली काँक्रीटचे ठोकळे भरून त्यात बोल्ट घ्या आणि अर्थिंग वेगळं करा. जूनच्या वादळात शेजारच्या मळ्यातली केळी पूर्ण आडवी झाली होती, त्या दिवशी एका घरावरचं पॅनल उडून गल्लीत पडलं, नशीब की खाली कोणी नव्हतं.