विचारा की! : मे महिन्यातले पाहुणे

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. मेच्या दुसऱ्या शनिवारी माझे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं (मोठा १४ वर्षांचा, धाकटी ८) आणि सासूबाई लातूरहून येताहेत. रविवारी रात्रीच्या गाडीने परत. आम्ही दोघं आणि आमची मुलगी धरून आठ माणसं. यांनी यादी तयार ठेवली आहे : सिद्धिविनायक, गेटवे, राणीची बाग, जुहू आणि 'वेळ उरला तर' अटल सेतू. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी मात्र दोन्ही दिवस ओट्याशीच उभी असणार, हे मला आत्ताच दिसतंय. काय करावं?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : यादी वाचून तुमच्या यजमानांच्या उत्साहाचं कौतुक वाटलं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी. कासारवडवलीहून गेटवे म्हणजे एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. आठ माणसं एका गाडीत मावत नाहीत, रिक्षा म्हटल्या तर तीन लागतात, लोकल म्हटली तर रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक. जुहू येईपर्यंत धाकटी कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली असेल, दीर गप्प झालेले असतील आणि जाऊबाई मनातल्या मनात परतीच्या गाडीला किती तास उरले ते मोजत असतील.

यादी फाडून टाका असं मी म्हणत नाही. तिचे तुकडे करा. आठही जणांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे, हा हट्ट आपल्याकडे कुणी आणला कोण जाणे. सगळ्यांनी मिळून एकच संध्याकाळ, बाकी ज्याची त्याची टोळी वेगळी.

आधी उन्हाचं बघू. लातूरकर तुम्हाला सांगतील, 'आमच्याकडे ४२ असतं, तुमचं ३५ म्हणजे काय!' ऐकून घ्या, पण ऐकू नका. तिकडची हवा कोरडी, घाम येतो तसा वाळतो आणि अंग गार होतं. इथे खाडीची दमट हवा, घाम वाळतच नाही. माझा सोलापूरचा चुलतभाऊ ४३ अंशांत डोक्याला पंचा गुंडाळून बाजार करणारा माणूस; ठाण्यात सकाळी अकराला आमच्या चरईतल्या जिन्यावर बसून पाणी मागतो. म्हणून दुपारी कुठेही नाही. जेवण, पंखा, पत्ते, झोप. कैरीचं पन्हं शुक्रवारीच करून फ्रीजमध्ये ठेवा.

आता ओटा. ठाण्यात पोळीभाजी केंद्रांची वानवा नाही. शनिवार दुपारच्या पोळ्या आणि एक भाजी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, घरी वरणभात लावा. 'पाहुण्यांना बाहेरचं कसं वाढायचं' असं यजमान म्हणाले, तर लाटणं त्यांच्या हातात द्या. आणि जाऊबाई 'मी भाकरी टाकते' म्हणाल्या, तर 'नको नको' करू नका. त्यांनाही पाहुणी म्हणून दोन दिवस अवघडून बसायला आवडत नाही. परातीशेजारी बसून होणाऱ्या गप्पा एरवी फोनवर होत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून तलावपाळी. साडेपाचला निघा, सासूबाई गाडीतून, बाकीचे रिक्षांनी. आधी कौपीनेश्वराचं दर्शन. तिथली भलीमोठी पिंड पाहून सासूबाई समाधानाने हात जोडतील, सिद्धिविनायकाची रांगही वाचेल. मग मुलांना मासुंदा तलावात बोटीत बसवा आणि मोठ्यांनी कठड्यावर बसून भेळ खावी. शनिवारी तिथे गर्दी असते, ती असू द्या. लातूरहून आलेल्या माणसाला ठाणं बघायचं तर ते तिथेच दिसतं. पुतण्याला इतिहासाची आवड असेल तर सांगा, जवळच जे मध्यवर्ती कारागृह आहे तो मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. आत अर्थातच जाता येत नाही, पण 'आम्ही जेलच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो' एवढं चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत सांगायला पुरतं.

रविवारी सकाळी टोळ्या पाडा. यजमान, दीर आणि पुतण्या यांनी सहाच्या आत घर सोडावं आणि ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटी गाठावं. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास, रविवारी पहाटे बसायलाही मिळतं. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. त्याच मार्गाने आपण उलट चाललो आहोत, हे त्या मुलाला गाडीत बसल्यावर सांगायचं, आधी नाही. सीएसएमटीची इमारत बाहेरून नीट बघा. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. गेटवेला चहा घ्या आणि मागे फिरा. ब्लॉक सहसा साडेदहा-अकराच्या सुमाराला सुरू होतो, तरी त्या रविवारचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. परतताना ठाण्यात मामलेदार मिसळ. लातूरच्या माणसाने तिथे 'मीडियम' मागितली, तर तो ठाण्याचा विजय समजा.

त्याच वेळी तुम्ही, जाऊबाई, सासूबाई आणि दोघी मुली उपवनला जा. तलावाकाठी सासूबाईंना बसायला जागा आहे, मागे येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. नऊला घरी. नाश्ता येताना घेऊन या. गॅस पेटवायचा नाही.

राणीची बाग, जुहू आणि अटल सेतू पुढच्या खेपेला. संध्याकाळी आवराआवर करा आणि गाडीच्या दोन तास आधी घर सोडा. मानपाडा, कापूरबावडीची वाहतूक कोंडी मी तुम्हाला काय समजावणार!

प्रश्न : मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना घेऊन ऐरोलीला आत्याकडे जाणार आहोत. तेव्हा फ्लेमिंगो दिसतील का? बोट किती वाजता सुटते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बोटीची वेळ घड्याळ नव्हे, भरती ठरवते, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, बोट चालत नाही. त्यामुळे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून त्या दिवसाची वेळ आणि आरक्षण दोन्ही आधी पक्कं करा; पुण्याहून निघून थेट दारात उभे राहू नका. हे पक्षी थंडीच्या सुरुवातीला येतात आणि पावसाच्या तोंडावर निघतात. मेअखेर थवे विरळ होऊ लागतात, म्हणून जमलं तर आठ-दहा दिवस आधी जा. बोट नाहीच मिळाली, तर भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीकडे चक्कर मारा. खाडीत पाणी चढलं की विसाव्याला ते तिकडे येतात. मुलं रंगाबद्दल विचारतीलच : तो त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून येतो, पिल्लं करडी असतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हे माहीत आहे का, आत्यांना विचारून बघा. ऐरोलीकरांना डासांची माहिती जास्त असते.

प्रश्न : खारघरला बहिणीकडे चाललो आहे. वाशीच्या घाऊक बाजारातून हापूसची पेटी न्यावी म्हणतो. बरं दिसेल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिसेल बरं, पण ठेवेल कुठे? कच्च्या आंब्याची पेटी म्हणजे पलंगाखाली पेंढा, रोज वरखाली करणं आणि एक डागळला की बाकीचे तपासत बसणं. बहीण नोकरी करत असेल तर तिच्या मागे हे काम लावू नका. तयार आंबे दोन डझन न्या आणि गेल्यावर आमरस तुम्हीच काढा.