ढकलून बघ

टिळकवाडी, बेळगाव
रविवार रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मघाशी जिना उतरताना तू खोका आडवा धरला होतास. आतले खेळातल्या आगगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते, तो आवाज फाटकापर्यंत येत होता. एरवी तू तो खोका अंड्यांच्या ट्रेसारखा धरतोस, म्हणजे पोरगं रुसलंय हे समजलं. काकूही म्हणाली, "चहा अर्धा टाकून गेलाय." म्हणून लिहायला बसलो. समोरासमोर मी फटकन बोलतो, कागदावर जरा बरा असतो.

तू तीन गोष्टी विचारल्यास. महागातलं नवं इंजिन मागवू का, डिजिटल कंट्रोल बसवू का, की हे सगळं विकून कॉम्प्युटरवरच गाडी चालवत बसू? तिन्हींना मी एकच उत्तर दिलं, "डबे ढकलून बघितलेस का?" तुला वाटलं म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. चौतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली, त्यामुळे कान गेलेत हे खरं आहे, पण तुझे प्रश्न मी ऐकले होते. तुझी गाडी पाच फेऱ्यांत तीनदा घसरते आणि तू इंजिनची किंमत विचारतोस, म्हणून वैतागलो.

इंजिनानं ओढलेला डबा बहुतेक कुठूनही निघून जातो. ओढ लागली की रांग ताठ होते आणि रुळातली निम्मी चूक झाकली जाते. तीच रांग मागून ढकल. आता प्रत्येक डबा पुढच्याला रेटतो, जरा वाकडा जोड आला की चाकाची फ्लँज, म्हणजे आतली कड, रुळावर चढू बघते, कमानीत, म्हणजे वळणात, बफर बफरात अडकतात. सहा डबे लाव आणि बोटानं मागून ढकल, सांध्यातून, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथून, कमानीतून, अगदी सावकाश. अडेल तिथं पेन्सिलीनं फुली मार. फुल्या संपेपर्यंत इंजिन कपाटात.

माझ्या शॉपमध्ये गोकाककडचा एक फिटर होता, कानडी माणूस. मी घाईनं लेथचा वेग वाढवला की तो लांबूनच ओरडायचा, "निधान, निधान!" म्हणजे हळू, हळू. त्या माणसाला आगगाडीच्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझा पहिला वेडावाकडा लेआउट, म्हणजे फळीवरची रुळांची मांडणी, बघून त्यानं एका बोटानं डबा मागे सारला, डबा पडला, आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. ही युक्ती मी त्याच्याकडून शिकलो. तेव्हा मात्र मनावर घेतली नाही, आणि त्याची किंमत मोजली.

ती गोष्ट तुला आज सांगणार होतो, काकू समोर होती म्हणून गिळली. १९९७ सालचा गणपती. आम्ही तेव्हा शहापुरात राहायचो. दुबईहून एका नातेवाइकानं आगगाडीचा सेट आणला होता, आणि मी ठरवलं की या वर्षी गणपतीपुढं दूधसागर करायचा. महिनाभर रात्री जागलो. थर्माकोलचे डोंगर, वर प्लास्टर, कापसाचा धबधबा. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायचो तसेच इथंही पेरले, चार दिवसांत घाट हिरवागार. रूळ घालायला दिले किती दिवस? दीड. चतुर्थीला अर्धी गल्ली बघायला आली आणि गाडी बरोबर बोगद्याच्या तोंडाशी आडवी झाली. उचलून ठेवली, पुन्हा तिथंच. बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा, टेबलाला चिकटून उभा होता. मी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. "हात लावलास की!" म्हणून.

त्यानं हात लावलेला नव्हता. विसर्जनानंतर सगळं सोडवताना दिसलं. बोगद्याच्या तोंडाशी एक रूळ फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, आत शिरायचा सोडून तिच्यावर चढून बसला होता. पायरी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागत होती. एकदा, फक्त एकदा मी डबे उलटे ढकलले असते तर देखावा चढवायच्या आधीच सापडली असती. तो भाचा आता चाळिशीकडं आलाय. येतो, पाया पडतो, बाहेरच्या खोलीत बसून निघून जातो. आतल्या खोलीत लेआउट आहे हे त्याला माहीत आहे. मी कधी चल म्हणालो नाही, त्यानं कधी विचारलं नाही.

म्हणून म्हणतो, ढकलून बघ.

आता तुझ्या फळीकडे येतो. सहा बाय चार फूट. त्यावर तुला दूधसागरचा कॅसलरॉक ते कुळे घाट पाहिजे, तोही एका रुळावरून दुसरा जाणारा. कागद घे. घाटाचा चढ ३७ला १. एक गाडी दुसरीच्या डोक्यावरून जायला तुझ्या मापात साधारण ७५ मिलिमीटर उंची लागते. पंचाहत्तर गुणिले सदतीस, म्हणजे पावणेतीन मीटर नुसतं चढायला. तेवढंच उतरायला. फळीची लांबी किती? एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर. खऱ्या घाटातसुद्धा कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावतात. तिथंही ढकलायला लागतंच, बघ.

कमानीचंही तसंच. खऱ्या रेल्वेचा निळा आयसीएफ डबा २१.३ मीटरचा, तुझ्या खेळाच्या १:८७ मापात तो होतो २४५ मिलिमीटर. एवढा डबा बिनतक्रार वळायला लांबीच्या निदान अडीच पट त्रिज्या द्यावी, म्हणजे सहाशे मिलिमीटरच्या वर. चार फूट रुंदीत कडेला जागा सोडून तुला फार तर साडेपाचशे मिळते, आणि सेटबरोबर आलेली तुझी कमान तर ३६० ची आहे. ओढली तर कशीबशी जाईल. ढकल की, लगेच कळेल. छोटे मालडबे घे, नाहीतर फळी बदल. इंजिन बदलून कमान सरळ होत नाही.

कोणीतरी तुला सांगितलंय की तुझे रूळच खोटे आहेत, आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये ती १९.३ यायला पाहिजे आणि तुझे रूळ १६.५ चे आहेत. बरोबर आहे तो. तरी पावणेतीन मिलिमीटरसाठी झोप घालवू नकोस. (माझी मीटरगेज ११.५ यायला पाहिजे आणि मी १२ केलीय. त्या अर्ध्या मिलिमीटरसाठी मी किती रात्री घालवल्या ते काकूला विचारू नकोस.)

चाकं मात्र सोडू नकोस. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिलिमीटर पाहिजे. तुझ्या दोन डब्यांची चाकं मी मघाशी व्हर्नियरनं बघितली, एकाचं चौदाच्या आत होतं. तो डबा प्रत्येक सांध्यात आपटणार, त्यात रुळाचा दोष नाही. पितळेचा एक ठोकळा बरोबर मापाला टर्न करून ठेवलाय, तो तुला देतो. वजनही बघ. साडेनऊ इंची डब्याला एकशेसाठ ग्रॅमच्या आसपास पाहिजे, तुझे सत्तर-ऐंशीचे असतील. हलका डबा ढकलला की आधी उडतो. मी सराफाच्या काट्यावर तोलून आत शिशाचे तुकडे चिकटवलेत. सराफ हसला, हसू दे.

विजेचं थोडक्यात. तू जो फास घातलायस, गाडी फिरून त्याच रुळावर उलटी परत यायला, तिथं डावा रूळ जाऊन उजव्याला भेटतो. शॉर्ट होणारच, तुझ्या कंट्रोलरचा काही दोष नाही. फासाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांना काप दे, मधला तुकडा अख्ख्या गाडीपेक्षा लांब ठेव, त्याला दोन तारांची अदलाबदल करणारा डीपीडीटी स्विच लाव. डिजिटलमध्येही हे चुकत नाही. तिथं विजेतूनच इंजिनाला हुकूम जातात, म्हणजे मळक्या रुळावर इंजिन थांबतंच, वर ऐकेनासंही होतं. रूळ जर्मन सिल्व्हरचे आहेत, नावात चांदी, अंगात तांबं, जस्त आणि निकेल. पॉलिशपेपर मारू नकोस, ओरखड्यात मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या धोतरानं पूस.

आणि आपल्या गावची हवा विसरू नकोस. पावसाळ्यात इथं भिंतीसुद्धा फुगतात. तेव्हा घट्ट बसवलेले रूळ मार्च-एप्रिलमध्ये कुबड काढतात, कारण खालचं लाकूड सुकून आकसतं आणि रूळ तेवढे आकसत नाहीत. जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेव, लाकडाला दोन्ही बाजूंनी रंग मार. आणि ऋतू बदलला की पुन्हा ढकलून बघ. होय, पुन्हा. कंटाळा येतो? मग सोड.

नाही, सोडू नकोस. आवेशात लिहिलं.

तू काही बोलला नाहीस, पण माझा लेआउट बघून तुझा चेहरा पडला ते मी बघितलं. वीस वर्षांचं काम म्हणून ऐकलं होतंस आणि बघायला मिळाली साडेतीन मीटरची एक फळी. एक छोटं स्टेशन, तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, ना डोंगर ना धबधबा, गाडी कुठून येत नाही, कुठं जात नाही. काकूची चेष्टा ठरलेली आहे, "ह्यांची गाडी जन्मभर फलाटावर." आळस म्हण, भीती म्हण, लोक म्हणतात. पण साडेतीन मीटर म्हणजे खरे तीनशे मीटर होतात, आणि तेवढ्या तीनशे मीटरची मी जबाबदारी घेतो. एकेक स्लीपर तांब्याचा पत्रा असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्टीतून कापलाय, एकेक रूळ डाग देऊन बसवलाय. आठ डबे डोळे मिटून ढकल, पडणार नाहीत. गोल गोल फिरणारी पंधरा फुटांची चकली मला करता आली नसती असं नाही. केली नाही. तुला पटतंय का? मला रोज पटतं असंही नाही.

स्टेशनला नाव दिलेलं नाही. इथं पाटीवरून किती डोकी फुटली तुला माहीत आहे, माझ्या फळीवर तरी शांतता असू दे. पण खानापूर-गुंजीच्या बाजूचं आहे ते, तांबड्या मातीचं. माती तिथलीच, तीनदा चाळलेली. लहानपणी आजोळी जायचो तेव्हा मीटरगेज होती. पुण्याकडून आलेला माणूस मिरजेला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि वळकटी घेऊन छोट्या गाडीत चढायचा. नव्वदच्या दशकात ती गेली. मोठी गाडी आली, बदली संपली, सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण पावसात त्या स्टेशनावर वाफेचं वायपी इंजिन उभं असायचं, वाफ खाली बसायची आणि फलाटावरची माणसं गुडघ्यापर्यंत नाहीशी व्हायची. ते कापसानं जमत नाही. सत्त्याण्णवच्या गणपतीत कापूस वापरून बघितलाय.

मग मजा कशात आहे, विचारशील. सकाळी सहाला, पहिल्या रेल्वे गेटची घंटा वाजायच्या आत, मी खोलीत जातो. पाच मालडबे, तीन सायडिंग. आदल्या रात्री काकूनं चिठ्ठ्या उचलून डबे कुठं पोचवायचे ते ठरवलेलं असतं (ती बोलते तशी नाही हं). चहा निवेपर्यंत मी त्यांची मांडणी करतो. इंजिन फूटभर जायला एक मिनिट घेतं. एवढ्या हळू चालताना जोडावरून चाक गेल्याचा टक् आवाज येतो, पुढचं चाक, मग मागचं. तो आवाज माझ्या या कानांनाही ऐकू येतो. डबा ढकलत ढकलत नेऊन गोदामाच्या दाराला लावला, एकही चाक रुळावरून उतरलं नाही, की त्या दिवशी मला कुणाचं काही ऐकायला लागत नाही.

तुला हे आत्ता नको असेल. तुला पळणारी गाडी पाहिजे, मित्रांना दाखवायला. पळव की, मी कोण अडवणारा. पण दाखवायच्या आधी ढकल. दाखवताना पडली तर शेजारी उभ्या असलेल्या कुणावर तरी हात उठतो, हे मी करून बसलोय.

पुढच्या रविवारी ये. फळी रिक्षात मावणार नाही, तेवढा कमानीचा तुकडा आणि दोन सांधे उपटून आण. पितळी ठोकळा, पेन्सिल आणि शिसं माझ्याकडे आहे. भाच्यालाही बोलावू म्हणतोय. तू असलास तर त्याला आत ये म्हणणं मला सोपं जाईल. डबे सगळे आण, नीट कापडात गुंडाळून, खोका आडवा न धरता. इंजिन घरीच ठेव.

तुझा,
काका